पिल्लाच्या पहिल्या वर्षाचा आहार

कुत्र्याचे पिल्लू घरी आणायला जाल तेव्हा ते सध्या काय खाते, एका वेळी किती खाते आणि दिवसातून किती वेळा खाते, हे न विसरता विचारून घ्यावे. त्याच खाद्याचा निदान आठवडाभर पुरेल एवढा साठा सोबत आणावा, मग ते खाद्य तुम्हाला पसंत असो वा नसो. आईपासून आणि भावंडांपासून तुटून आलेल्या पिल्लाचे पोट पहिले दोन-तीन दिवस नुसत्या ताणानेच नाजूक झालेले असते. अशा वेळी त्याच्यापुढे कितीही उत्तम पण नवे खाद्य ठेवले तरी जुलाब होण्याचीच शक्यता अधिक असते, आणि मग ते जुलाब अन्नबदलाने झाले, जंतांनी झाले की एखाद्या आजाराची ती सुरुवात आहे, हे ओळखणे अवघड होऊन बसते.

खाद्य बदलायचेच असेल तर पिल्लू चार-पाच दिवस घरात रुळू द्यावे आणि नंतरचा बदल सात ते दहा दिवसांत पुरा करावा. पहिले दोन-तीन दिवस जुन्या खाद्याचे तीन भाग आणि नव्याचा एक भाग, पुढचे दोन-तीन दिवस दोन्ही निम्मे-निम्मे, त्यानंतर जुन्याचा एक भाग आणि नव्याचे तीन भाग, असे प्रमाण ठेवावे. मध्येच शौच पातळ होऊ लागली तर पुढे न जाता आदल्या प्रमाणावर परत यावे आणि शौच बांधून होईपर्यंत तिथेच थांबावे.

दुधाचा गैरसमज

पिल्लू म्हटले की दुधाची वाटी, हे चित्र आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की ते पुसायला थोडे स्पष्ट बोलावे लागते. पिल्लू तीन-चार आठवड्यांचे झाले की मऊ, ओलसर अन्न चाटू लागते आणि सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे अंगावरचे दूध सुटते. त्यानंतर दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवण्याची त्याची क्षमता कमी होत जाते. गाईच्या दुधात ही शर्करा कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त असते, तर प्रथिने आणि स्निग्धांश निम्म्याहून कमी असतात. म्हणजे ज्या गोष्टी पिल्लाला हव्यात त्या त्यात अपुऱ्या पडतात आणि जी झेपत नाही ती भरपूर मिळते. अंगावरचे दूध सुटलेल्या पिल्लाला पिण्यासाठी ताजे पाणीच पुरेसे आहे. ते दिवसरात्र स्वच्छ भांड्यात त्याच्या तोंडाशी असावे आणि निदान दोनदा बदलावे.

आई नसलेले किंवा आईने दूर लोटलेले अगदी लहान पिल्लू हाती आले असेल तर मात्र दूध लागतेच. तेही गाईचे नव्हे, तर कुत्र्याच्या पिल्लांसाठीच तयार केलेले दुधाच्या पावडरीचे, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणातच कालवलेले आणि कोमट असावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीही उठून, पाजावे लागते. पाजताना पिल्लू पोटावर, म्हणजे आईला पिताना असते तसेच असावे. तान्ह्या मुलासारखे उताणे धरून पाजल्यास दूध श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पिल्लाचे अंग हाताला थंड लागत असेल तर आधी त्याला हळूहळू ऊब द्यावी आणि मगच पाजावे, कारण थंड पडलेल्या पिल्लाच्या आतड्यांची हालचाल मंदावते व पोटात गेलेले दूध पचत नाही. प्रत्येक वेळी पाजून झाल्यावर ओलसर कोमट कापसाने त्याच्या शेपटीखाली हलके चोळावे, म्हणजे लघवी व शौच होते. पहिले तीन आठवडे हे काम आई जिभेने करत असते. अशा पिल्लाच्या बाबतीत पहिल्याच दिवशी पशुवैद्यांना भेटावे, घरगुती प्रयोगांत वेळ घालवू नये.

कोणते खाद्य निवडावे

तयार खाद्य निवडताना पिशवीच्या दर्शनी भागावरील चित्रे आणि विशेषणे बाजूला ठेवून मागची बारीक अक्षरे वाचावीत. तिथे दोन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात. एक, ते खाद्य ‘संपूर्ण’ आहे, म्हणजे केवळ पूरक किंवा खाऊ म्हणून बनवलेले नाही. दोन, ते वाढीच्या वयासाठी किंवा आयुष्याच्या सर्व टप्प्यांसाठी योग्य आहे. फक्त प्रौढ कुत्र्यांसाठीचे खाद्य पिल्लाला पुरत नाही. अमेरिकेतील आफ्को या संघटनेच्या मानकांनुसार, पाण्याचा अंश वगळून मोजल्यास, वाढत्या पिल्लाच्या खाद्यात किमान २२.५ टक्के प्रथिने आणि ८.५ टक्के स्निग्धांश असावा लागतो. प्रौढांसाठी हेच आकडे अनुक्रमे १८ आणि ५.५ टक्के आहेत.

‘पाण्याचा अंश वगळून’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. डबाबंद ओल्या खाद्याच्या लेबलावर ८ टक्के प्रथिने पाहून अनेक जण ते निकृष्ट ठरवतात, पण त्यात ७८ टक्के पाणी असेल तर उरलेल्या २२ टक्क्यांतील ८ म्हणजे सुमारे ३६ टक्के प्रथिने झाली. कोरड्या खाद्यात पाणी साधारण १० टक्केच असते. दोन खाद्यांची तुलना करायची तर हा हिशेब केल्याशिवाय करू नये. कोरडे, ओले की दोन्ही मिसळून, याला मी फारसे महत्त्व देत नाही. ते संपूर्ण असले, वयाला योग्य असले आणि पिल्लाला पचत असले की पुरे.

घरी शिजवून घालण्याची इच्छा प्रामाणिक असते, हे मान्य करूनही वाढत्या पिल्लासाठी तो मार्ग मी सहसा सुचवणार नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रौढ कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या, तेव्हा त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी आढळला. जस्त, तांबे, ड आणि ई जीवनसत्त्वे, कोलीन अशा घटकांची उणीव डोळ्यांना दिसत नाही. पिल्लू गुबगुबीत, चमकदार दिसत असते आणि नुकसान आत हाडांत होत असते. प्रौढ कुत्रा अशी उणीव काही महिने सोसतो, पिल्लू काही आठवडेही सोसू शकत नाही. ज्यांना शिजवूनच घालायचे आहे त्यांनी पशु-आहारतज्ज्ञाकडून त्या विशिष्ट पिल्लासाठी, त्याच्या वजनाप्रमाणे, पाककृती लिहून घ्यावी आणि तिच्यातील एकही घटक स्वतःच्या मनाने बदलू किंवा वगळू नये. कच्चे मांस आणि कच्ची अंडी टाळावीत, कारण साल्मोनेलासारखे जंतू त्यातून पिल्लाला आणि त्याच्याशी खेळणाऱ्या मुलांनाही बाधतात.

कॅल्शियमविषयी

वाढत्या पिल्लाच्या आहारात सर्वांत जास्त नुकसान चांगल्या हेतूने कुठे होत असेल तर ते कॅल्शियमच्या बाबतीत. कमी पडले तरी हाड बिघडते आणि जास्त झाले तरी हाडच बिघडते. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाला पहिला धोका असतो. मांसात कॅल्शियमच्या पंधरा-वीस पट फॉस्फरस असतो, तर पिल्लाला हे दोन्ही जवळजवळ सारखे, किंवा कॅल्शियम दुपटीपर्यंत जास्त, असे लागतात. रक्तातील कॅल्शियमची पातळी टिकवण्यासाठी मग शरीर ते हाडांतून काढून घेऊ लागते, हाडे पातळ होतात आणि सोफ्यावरून उडी मारण्यासारख्या क्षुल्लक कारणानेही मोडतात.

दुसरा धोका त्याहून अधिक आढळतो, कारण त्यामागे काळजी असते. चांगले संपूर्ण खाद्य चालू असतानाच वरून कॅल्शियमची पावडर, सरबत किंवा गोळ्या सुरू केल्या जातात, विशेषतः पिल्लू मोठ्या जातीचे असेल आणि त्याचे कान उभे राहत नसतील किंवा पाय वाकडे वाटत असतील तर. साधारण सहा महिन्यांपर्यंत पिल्लाच्या आतड्याला नको असलेले कॅल्शियम पुरेसे अडवता येत नाही, त्यामुळे जितके पोटात जाईल त्याच्या प्रमाणात ते शरीरात शोषले जाते. ग्रेट डेन पिल्लांवर झालेल्या प्रयोगांत जादा कॅल्शियमने कूर्चेचे हाडात होणारे रूपांतर बिघडते आणि सांगाडा वेडावाकडा वाढतो, हे दिसून आले आहे. म्हणूनच प्रौढपणी ३२ किलो किंवा त्याहून अधिक वजन होणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी आफ्कोने खाद्यातील कॅल्शियमची कमाल मर्यादा १.८ टक्के ठेवली आहे. लहान जातींसाठी ती २.५ टक्के आहे. मोठ्या जातीचे पिल्लू असेल तर पिशवीवर मोठ्या आकाराच्या पिल्लांचा स्पष्ट उल्लेख शोधावा. पशुवैद्यांनी तपासून लिहून दिल्याखेरीज कॅल्शियमचा एक थेंबही वरून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

किती आणि किती वेळा

पिल्लाला किती खाऊ घालावे, याचे उत्तर ‘मागेल तेवढे’ असे कधीच नसते. उष्मांकांचा हिशेब एकदा करून पाहावा, तो वाटतो तेवढा कठीण नाही. वजनाच्या किलोच्या आकड्याला त्याच आकड्याने दोनदा गुणावे, येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ काढावे, त्याचे पुन्हा वर्गमूळ काढावे आणि ७० ने गुणावे. ही झाली विश्रांतीच्या अवस्थेतील दिवसाची गरज. चार महिन्यांखालील पिल्लाला याच्या सुमारे तिप्पट आणि चार महिन्यांनंतर सुमारे दुप्पट उष्मांक लागतात. उदाहरणार्थ, ४ किलो वजनाच्या, तीन महिन्यांच्या पिल्लासाठी ४ गुणिले ४ गुणिले ४ म्हणजे ६४, त्याचे वर्गमूळ ८, त्याचे वर्गमूळ सुमारे २.८३, आणि ७० ने गुणल्यावर १९८ किलोकॅलरी. याची तिप्पट म्हणजे सुमारे ५९४. खाद्याच्या एका किलोत ३,७०० किलोकॅलरी असतील तर दिवसाचे खाद्य सुमारे १६० ग्रॅम होते, म्हणजे चार वेळा प्रत्येकी ४० ग्रॅम. खाद्य वाटीने किंवा मुठीने न मोजता स्वयंपाकघरातील वजनकाट्यावर मोजावे, कारण वाटी कधी सपाट भरते, कधी शिगेला जाते, आणि लहान पिल्लाच्या बाबतीत दहा ग्रॅमचा फरकही लहान नसतो.

हा आकडा मात्र केवळ सुरुवात आहे. खरे प्रमाण पिल्लाच्या अंगावर वाचावे लागते. दर आठवड्याला ठरल्या दिवशी वजन करून लिहून ठेवावे आणि बरगड्यांवरून बोटे फिरवावीत. मूठ वळल्यावर आपल्या बोटांच्या मुळाशी जी हाडे टोचतात तशा बरगड्या टोचल्या तर पिल्लू बारीक आहे, आणि तळहाताच्या उंचवट्यासारखे मऊ लागून बरगड्या शोधाव्या लागल्या तर ते जाड आहे. उघड्या हाताच्या पाठीवरून बोटे फिरवताना पातळ कातडीखाली हाडे जशी सहज लागतात, तसे लागले म्हणजे योग्य. वरून पाहिल्यास बरगड्यांमागे कमरेची खोबण दिसावी. या दोन खुणांवरून दिवसाचे खाद्य एका वेळी दहा टक्क्यांहून जास्त न बदलता वाढवावे किंवा घटवावे.

गोलमटोल पिल्लू सुदृढ असते, ही समजूत मला सर्वांत घातक वाटते, कारण तिच्या विरोधात पुरावा फार स्पष्ट आहे. ४८ लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या करून, आठ आठवड्यांच्या वयापासून आयुष्यभर एका गटाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाद्य देऊन झालेल्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. कमी खाणाऱ्या कुत्र्यांचे मध्यक आयुर्मान १३ वर्षे, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे निघाले आणि सांध्यांचे विकारही सडपातळ गटात उशिरा व कमी दिसले. पिल्लाला उपाशी ठेवा, असा याचा अर्थ नाही. त्याला हळू, एकसारख्या गतीने वाढू द्या, एवढाच आहे. जास्त खाल्ल्याने पिल्लू अधिक मोठे होत नाही, केवळ लवकर मोठे होते, आणि कोवळ्या हाडांना तो भार पेलवत नाही.

तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खाद्य द्यावे. अगदी लहान जातींच्या पिल्लांची रक्तशर्करा उपाशी राहिल्यास झपाट्याने उतरते, म्हणून त्यांच्या खेपा लवकर कमी करू नयेत आणि रात्रीचा अवधी फार लांबवू नये. असे पिल्लू अचानक मलूल झाले, झोकांड्या खाऊ लागले किंवा थरथरू लागले तर हिरड्यांना थोडा मध किंवा साखरेचे पाणी चोळून ताबडतोब पशुवैद्यांकडे न्यावे.

वेळा ठरलेल्या असाव्यात आणि जागा शांत असावी. खाद्य पुढे ठेवल्यावर पंधरा-वीस मिनिटांत पिल्लाने जे खाल्ले नाही ते उचलावे, दिवसभर भांडे भरून ठेवू नये. ठरल्या वेळी खाणाऱ्या पिल्लाची शौचाची वेळही ठरते, हा लाभ पहिल्या महिन्यातच जाणवतो. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला कोरडे खाद्य कोमट पाण्यात दहा मिनिटे भिजवून द्यावे. दात बदलण्याच्या काळात, म्हणजे साधारण चौथ्या ते सातव्या महिन्यात, हिरड्या दुखत असल्या तर पुन्हा काही दिवस भिजवून द्यायला हरकत नाही. भिजवलेले किंवा डब्यातले ओले खाद्य उन्हाळ्यात तासाभराहून जास्त बाहेर राहू देऊ नये.

खाणाऱ्या पिल्लाच्या भांड्यात हात घालून त्याची ‘परीक्षा’ पाहण्याची किंवा भांडे हिसकावून घेण्याची सवय अनेकांना असते. त्यातून पिल्लू एवढेच शिकते की माणूस जवळ आला की अन्न जाते, आणि पुढे ते गुरगुरू लागते. त्याउलट, ते खात असताना जवळून जाता-जाता भांड्यात त्याहून चविष्ट असा एखादा तुकडा टाकत राहिल्यास माणसाच्या पावलांची त्याला भीती उरत नाही.

खाऊ, हाडे आणि चोरून खाल्लेले

शिकवताना खाऊ लागतोच, पण दिवसाच्या एकूण उष्मांकांत त्याचा वाटा दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि तेवढे खाद्य मुख्य आहारातून कमी करावे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे दिवसाच्या मोजलेल्या खाद्यातील मूठभर दाणे बाजूला काढून तेच खाऊ म्हणून वापरणे. बी काढलेल्या सफरचंदाच्या फोडी, गाजराचे किसलेले तुकडे, मीठ-मसाल्याविना उकडलेल्या कोंबडीचे बारीक तुकडे हेही चालतात. शिजवलेली हाडे मात्र कधीही देऊ नयेत, कारण शिजल्यावर ती ठिसूळ होऊन त्यांचे अणकुचीदार तुकडे पडतात आणि घसा व आतडी फाडतात. मक्याचे कणीस आणि आंबा-पीच यांसारख्या फळांच्या कोयी आतड्यात अडकतात.

खालील पदार्थांची यादी घरातील प्रत्येकाला, विशेषतः लहान मुलांना आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना, तोंडपाठ असावी.

चॉकलेटमधील थिओब्रोमीन कुत्र्याच्या शरीरातून फार हळू बाहेर पडते. चॉकलेट जितके गडद तितके विष जास्त, आणि ४ किलोच्या पिल्लाला सुमारे १५ ग्रॅम गडद चॉकलेटनेही त्रास सुरू होऊ शकतो. द्राक्षे, मनुका आणि बेदाणे यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्याने होईल हे कुत्र्यागणिक बदलते, म्हणून सुरक्षित प्रमाण असे नाहीच. कांदा व लसूण, कच्चे असोत, शिजलेले असोत की पूड केलेले, तांबड्या रक्तपेशी फोडतात. त्याची लक्षणे काही दिवसांनी दिसत असल्याने कारण लक्षातच येत नाही, आणि रस्सा किंवा उरलेली भाजी घालणाऱ्या घरात ही चूक सर्रास होते. साखरविरहित च्युइंगम, काही टूथपेस्ट व काही प्रकारचे शेंगदाण्याचे बटर यांत झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरले जाणारे गोड द्रव्य असते. ते अर्ध्या-एक तासात रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरवते आणि पुढे यकृतही निकामी करू शकते. मॅकाडेमिया हा सुकामेवा, मद्य, चहा-कॉफी आणि यीस्ट घालून फुगायला ठेवलेली कच्ची कणीकही विषारीच समजावी. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, विशेषतः आयबुप्रोफेन, पिल्लाच्या तोंडाच्या उंचीवर कधीच राहू देऊ नयेत.

यांपैकी काही पोटात गेले असे वाटले तर लक्षणांची वाट पाहू नये. काय खाल्ले, किती खाल्ले, कधी खाल्ले आणि पिल्लाचे वजन किती, या चार गोष्टी घेऊन लगेच पशुवैद्यांना फोन करावा आणि वेष्टन उरले असेल तर सोबत न्यावे. मीठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नये, कारण मीठ स्वतःच विषासारखे काम करते.

खाणे बिघडते तेव्हा

चांगले खाऊनही पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, पाठ सडपातळ आणि केस निस्तेज दिसत असतील तर बहुधा जंत झालेले असतात. गोलकृमी आईच्या पोटात असतानाच किंवा दुधातून पिल्लात येतात, म्हणून दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी जंतनाशक देण्याची पद्धत आहे. आठ आठवड्यांनंतरचे वेळापत्रक पशुवैद्य ठरवून देतात. जंत न काढता खाद्य वाढवत राहणे व्यर्थ आहे.

एखादे वेळचे जेवण पिल्लाने नाकारले आणि ते खेळत, पाणी पीत असेल तर पुढच्या जेवणापर्यंत थांबावे, मनधरणी करत दुसरे काही पुढे करू नये. मात्र दोन वेळा लागोपाठ नाकारले, उलट्या होऊ लागल्या, शौचातून रक्त आले किंवा पिल्लू मलूल पडले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लसीकरण पुरे न झालेल्या पिल्लात ही पार्व्हो विषाणूची लक्षणे असू शकतात, आणि त्यात काही तासांचाही उशीर महागात पडतो. प्रौढ कुत्र्याला जुलाबात एक दिवस उपाशी ठेवतात, तसे लहान पिल्लाला ठेवू नये.

प्रौढांच्या खाद्याकडे

लहान जातींची वाढ नऊ ते बारा महिन्यांत, मोठ्यांची बारा ते अठरा महिन्यांत, आणि अवाढव्य जातींची जवळजवळ दोन वर्षांत पुरी होते. तोवर पिल्लांचेच खाद्य चालू ठेवावे आणि नंतरचा बदल सुरुवातीला सांगितल्याप्रमाणेच दिवसांच्या टप्प्यांनी करावा. याच काळात नसबंदी झाली तर भूक वाढते आणि उष्मांकांची गरज मात्र सुमारे २० ते ३० टक्क्यांनी उतरते, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरचे तीन महिने दर आठवड्याचे वजन चुकवू नये आणि वजन चढू लागताच त्याच आठवड्यात खाद्याचे प्रमाण कमी करावे.